गंजीचा डबा: बंगळूरच्या रमजानातले घर आणि स्वयंपाक

बंगळूरच्या अनेक मुस्लिम घरांत रोजा सोडताना खजूर आणि पाण्यानंतर वाटी येते ती गंजीची. तांदळाची कणी, मुगाची डाळ, आले-लसूण, मेथीदाणे, पुदिना आणि नारळाचे दूध यांची ही पातळ पेज. कधी तिच्यात थोडा खिमाही पडतो. दुपारीच मशिदीच्या आवारात मोठ्या डेगा चुलीवर चढतात आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या, आधी आसपासच्या घरांतली मुले स्टीलचे डबे घेऊन येतात. श्रीमंताच्या आणि हमालाच्या डब्यात एकाच डेगेतली पेज पडते, म्हणून या शहरातल्या रमजानचा इतिहास सांगायला कबाबांनी गजबजलेल्या रस्त्यापेक्षा गंजीच अधिक उपयोगी आहे.

ही पेज मुळात तमिळ मुसलमानांची. तमिळमध्ये तिला ‘नोंबु कांजी’ म्हणजे उपवासाची पेज म्हणतात. कन्नडमध्ये पेजेला ‘गंजी’ हाच शब्द आहे आणि शहरातल्या दख्खनी बोलीतही तोच चालतो. 1809 मध्ये इंग्रजांनी श्रीरंगपट्टणची फौज बंगळूरला हलवली आणि छावणी वसली. फौजेमागोमाग मद्रास इलाख्यातून शिपाई, व्यापारी, कारागीर आले आणि त्यांच्यातल्या तमिळ मुसलमानांबरोबर ही पेजही. छावणी आणि जुने पेठांचे शहर यांचा कारभार 1949 पर्यंत वेगळा होता. आज शिवाजीनगर, फ्रेझर टाउन हे भाग त्या छावणीच्या बाजूचे.

पेठेतली वस्ती याहून जुनी. 1638 मध्ये विजापूरच्या फौजेने केंपेगौडांकडून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागिरीत आले. 1687 मध्ये मोगल आले, पुढे हैदर अलीचा काळ. या उलथापालथींत दख्खनी बोलणारी कुटुंबे इथे स्थिरावली. त्यांच्या बोलीतला नकार ‘नक्को’ आणि जोर देणारा ‘च’ मराठी कानाला लगेच ओळखू येतो. अशा घरांत गहू, डाळी आणि मटण एकत्र शिजवून घोटलेला खिचडा जुना. हैदराबादी हलीमची रेलचेल अलीकडची. कच्छी मेमन व्यापाऱ्यांनी आणखी एक थर चढवला. शिवाजीनगरचे रसेल मार्केट 1933 मध्ये त्यांच्यातल्याच हाजी सर इस्माईल सेठ यांच्या हस्ते खुले झाले. खजूर, फळे आणि मटण यांसाठी रमजानात आजही तिथे गर्दी होते. फ्रेझर टाउनच्या मॉस्क रोडवरची 1902 सालची अल्बर्ट बेकरी तिच्या खव्याच्या नानसाठी आणि भेजा पफसाठी नावाजलेली आहे.

रस्त्यावरचा रमजान सगळ्यांना दिसतो. घरातला मात्र पहाटे तीन-साडेतीनला सुरू होतो आणि त्याचा भार बहुतेक बायकांवरच असतो. सहेरीचे, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचे, गरम जेवण त्यांना सगळ्यांच्या आधी उठून करावे लागते आणि संध्याकाळचे समोसे, भजी, फळांचे काप त्या स्वतः उपाशी असताना तयार करतात. मीठ बरोबर पडले का, हे चाखून पाहता येत नाही. जिभेला जरा लावून थुंकून टाकायची मुभा असली तरी अनेकजणी हाताच्या अंदाजावरच भागवतात. हे कौशल्य कोणत्याही पाककृतीच्या पुस्तकात येत नाही, पण महिनाभर सगळे घर त्यावर चालते.

हिजरी वर्ष सौर वर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि साधारण 33 वर्षांनी त्याच ऋतूत परततो. बंगळूर 13 अंश उत्तर अक्षांशाजवळ असल्याने हिवाळ्यातला रोजा साडेबारा तासांच्या आसपास आणि जूनमधला चौदा तासांच्या थोडा पुढे जातो. लंडनच्या जूनमध्ये हाच काळ अठरा तासांवर जातो. समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून अधिक उंचीमुळे हवाही सौम्य. तरी मार्च-एप्रिलच्या रोज्यात तहान भुकेपेक्षा जास्त छळते, म्हणून इफ्तारला, म्हणजे रोजा सोडताना, सरबत आणि कलिंगड लागतेच.

लहान मुलाचा पहिला रोजा हा कुटुंबातला सोहळा असतो. त्याला रोजा कुशाई म्हणतात. मुलाला नवे कपडे, गळ्यात हार, नातेवाईकांना जेवण. महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी चंद्र दिसल्याची खबर आली की मशिदीतल्या डेगा घासून ठेवल्या जातात, आणि घराघरांत दुसऱ्या दिवशीच्या ईदच्या शीरखुर्म्यासाठी खजूर चिरायला आणि शेवया तुपात परतायला घेतात.