ऐकण्याच्या खोलीची कुळकथा

हाय-फायची गोष्ट बहुतेक जण एडिसनच्या फोनोग्राफपासून नाहीतर रेडिओच्या व्हॉल्व्हपासून सुरू करतात. मला ती गाद्यांपासून सुरू करावीशी वाटते. घरात संगीत ऐकण्यासाठी जी खास खोली लावली जाते, तिचं मूळ विजेच्या उपकरणात नाही. ते हार्वर्ड विद्यापीठातल्या एका नाट्यगृहात, प्रेक्षकांच्या बाकांवरच्या गाद्यांमध्ये आहे.

१८९५ साली हार्वर्डमध्ये फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उघडली. तिच्यातलं व्याख्यानाचं दालन दिसायला देखणं होतं, पण तिथे बोललेलं कळत नसे. वक्त्याचा एक शब्द विरायच्या आत पुढचे कितीतरी शब्द त्याच्यावर येऊन पडत. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या वॉलेस सॅबिन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाला हा दोष दूर करायला सांगितलं. सॅबिनकडे होती ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचं यंत्र आणि स्वतःचे कान. नळी वाजवायची, एकदम थांबवायची आणि मागे राहिलेला आवाज ऐकू येईनासा व्हायला किती वेळ लागतो ते टिपायचं. रिकाम्या दालनात तो वेळ साडेपाच सेकंदांहून थोडा जास्त भरला.

मग त्याने जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या आणायला सुरुवात केली. काम रात्री चाले, कारण दिवसा रस्त्यावरच्या रहदारीमुळे क्षीण होत जाणारा आवाज शेवटपर्यंत ऐकणं शक्य नसे. थोड्या गाद्या मांडायच्या आणि मोजायचं, आणखी मांडायच्या आणि पुन्हा मोजायचं, मग नाट्यगृहाला गरज पडायच्या आत सगळ्या जागच्या जागी नेऊन ठेवायच्या. आपल्या अंगावरच्या कपड्यांनीही आकडा बदलतो हे लक्षात आल्यावर त्याने आधीची मोजमापं बाजूला सारली आणि पुढे प्रत्येक वेळी तेच कपडे घालून काम केलं. मला ध्वनिशास्त्राच्या सगळ्या इतिहासात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. खोलीत बसलेला माणूस हासुद्धा त्या खोलीचा भाग असतो, हे त्या कपड्यांनी सिद्ध केलं.

ऑक्टोबर १८९८ मध्ये सॅबिनला आकड्यांमागचं सूत्र सापडलं. खोलीचं घनफळ जितकं मोठं, तितका मागे राहणारा आवाज, म्हणजे निनाद, लांबतो. आवाज शोषणारं क्षेत्र जितकं मोठं, तितका तो आखूड होतो. घनमीटरमधल्या घनफळाला ०.१६१ ने गुणायचं आणि शोषणाने भागायचं, की निनादाचे सेकंद मिळतात. शोषण मोजायला त्याने उघडी खिडकी हे माप धरलं, कारण खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही. ‘हा गालिचा इतक्या उघड्या खिडक्यांएवढा’ असं त्यामुळे म्हणता येऊ लागलं. याच गणिताच्या आधारे बांधलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल १५ ऑक्टोबर १९०० रोजी सुरू झाला. जगातल्या उत्तम संगीतगृहांमध्ये त्याचं नाव आजही पहिल्या काहींत घेतलं जातं.

आपल्याकडे हे सूत्र कुणी मांडलं नव्हतं, पण गाणं ऐकायची खोली होती. वाड्यातल्या दिवाणखान्यात बैठक बसायची तेव्हा जमिनीवर जाजम, त्यावर गाद्या, भिंतीला टेकून लोड आणि तक्के, दारांना पडदे आणि दाटीवाटीने बसलेली माणसं असा थाट असे. सॅबिनच्या भाषेत सांगायचं तर जमीन पूर्ण झाकलेली, भिंतींचा खालचा भाग झाकलेला आणि श्रोत्यांनी भरपूर आवाज पिऊन टाकलेला. अशा खोलीत गायकाचा सूर मिसळून न जाता, त्याच्या बारीक मुरक्यांसह कानावर यायचा. आजच्या फ्लॅटमधल्या हॉलने या सगळ्या मऊ वस्तू काढून टाकल्या. खाली चकचकीत टाइल्स, वर आरसीसीचा स्लॅब, चारही बाजूंना प्लास्टरच्या भिंती आणि एक मोठी काच. दहा फूट बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या अशा रिकाम्या खोलीचं गणित सॅबिनच्या सूत्राने केलं तर निनाद अडीच सेकंदांच्या घरात जातो. ऐकण्याच्या खोलीला तो अर्ध्या सेकंदाच्या खाली हवा. ०.४ सेकंदांवर आणायचा तर सुमारे पावणेचौदा चौरस मीटर उघड्या खिडकीएवढं शोषण लागतं. एक पडदा आणि एक पायपुसणं यांचं ते काम नव्हे.

पण सॅबिनच्या सूत्राने मिळालेली खोली फक्त कमी घुमणारी खोली होती. तिच्यात एका ठराविक जागी, ठराविक दिशेला तोंड करून बसायचं कारण अजून जन्मलं नव्हतं. ते कारण दिलं ॲलन ब्लमलाइन या इंग्लिश अभियंत्याने. सिनेमा पाहताना नट पडद्याच्या एका टोकाला आणि त्याचा आवाज मात्र एकाच ठिकाणाहून येतो, हे त्याला खटकलं आणि आपण यावर उपाय काढलाय असं त्याने पत्नीला सांगितलं, अशी आठवण सांगितली जाते. १४ डिसेंबर १९३१ रोजी ईएमआय कंपनीत काम करताना त्याने जो पेटंट अर्ज केला, त्यात आजचा स्टिरिओ जवळजवळ पूर्णपणे आहे. दोन मायक्रोफोनांची मांडणी त्यात आहे आणि एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरायची युक्तीही आहे. जानेवारी १९३४ मध्ये त्याने अ‍ॅबी रोडच्या स्टुडिओत मोत्सार्टच्या ‘ज्युपिटर’ सिम्फनीची तालीम या पद्धतीने ध्वनिमुद्रित केली. पुढे युद्ध आलं. रडारच्या चाचणीसाठी निघालेलं विमान ७ जून १९४२ रोजी कोसळलं आणि ब्लमलाइन अडतिसाव्या वर्षी गेला. स्टिरिओ तबकडी बाजारात येऊन घराघरांत पोचलेली त्याने पाहिली नाही, याची मला फार चुटपुट लागते.

युद्धानंतरच्या पंधरा वर्षांत घरातल्या खोलीचं रूप दोनदा बदललं. १९४७ च्या एप्रिल आणि मे महिन्यांत ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात विल्यमसन यांच्या पंधरा वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरची रचना छापून आली आणि हौशी माणसं ती घरी जोडू लागली. पुढच्या वर्षी लाँग प्लेइंग तबकडी आली. आवाज एकाच पेटीतून येत असल्यामुळे ती पेटी कोपऱ्यात ढकलायची पद्धत होती, आणि त्यामागे शास्त्रही होतं. कोपऱ्यात तीन पृष्ठभाग मिळतात आणि खर्जाला जोर येतो. अमेरिकेत आर्कान्सामधल्या होप या गावी पॉल क्लिप्श यांनी तर असा स्पीकर बनवला, की खोलीच्या दोन भिंती हाच त्याच्या कर्ण्याचा पुढचा भाग होतो. खोली हा यंत्राचाच भाग आहे, हे इतक्या सरळपणे मान्य करणारा दुसरा स्पीकर मला माहीत नाही. इंग्लंडमध्ये व्हार्फडेलचे गिल्बर्ट ब्रिग्ज पेटीच्या फळ्या थरथरू नयेत म्हणून दोन फळ्यांमध्ये वाळू भरत होते. १९५४ साली त्यांनी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन आणि ध्वनिमुद्रण एकापाठोपाठ एक ऐकवलं.

त्याच १९५४ साली दोन गोष्टी घडल्या आणि त्यांनी कोपरा संपवला. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये एडगर विल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी एआर-१ हा स्पीकर आणला. बंद पेटीत कोंडलेल्या हवेलाच त्यांनी स्प्रिंगचं काम दिलं, त्यामुळे कपाटाएवढ्या पेटीतून येणारा खर्ज फडताळात मावेल एवढ्या पेटीतून येऊ लागला. आणि फेब्रुवारीत आरसीए कंपनीने बॉस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्राचं प्रायोगिक स्टिरिओ मुद्रण केलं. जागा होती सॅबिनचाच सिम्फनी हॉल. १९५८ साली स्टिरिओ तबकड्या सगळीकडे विकायला आल्या तेव्हा दोन लहान पेट्या घरात मावतील अशी सोय आधीच झालेली होती. पेट्या कोपऱ्यातून पुढे आल्या, एकमेकींपासून दूर गेल्या आणि समोर, दोघींपासून सारख्या अंतरावर, एक खुर्ची आली. ऐकण्याची खोली म्हणून आज आपण जिला ओळखतो ती इथे पूर्ण झाली.

अडचणही इथेच सुरू झाली. स्टिरिओ तबकडीवर फक्त वाद्यं नसतात, ती ज्या दालनात वाजली ते दालनही असतं. सिम्फनी हॉलचा जवळपास दोन सेकंदांचा निनाद तबकडीतून माझ्या घरी येतो. माझ्या खोलीने स्वतःचा आवाज त्यात मिसळला तर मला ना तो हॉल ऐकू येतो, ना खोली. म्हणून या खोलीने मागे सरायला शिकायचं असतं.

मागे न सरणारी बाजू म्हणजे खर्ज. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठराविक लांबीची ध्वनिलहर अडकते आणि उभी राहते, हे गणित लॉर्ड रॅले यांनी १८७८ सालीच लिहून ठेवलं आहे. आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. काळी एकमध्ये लावलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेची मूळ कंपनसंख्या ६९ हर्ट्झच्या आसपास येते. आपल्या हवेत या लहरीची लांबी पाच मीटर. हॉलची लांबीही पाच मीटर, म्हणजे साडेसोळा फूट असेल, तर ही लहर त्यात नेमकी बसते. अशा हॉलमध्ये तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण लावा आणि लांबीच्या दिशेने सावकाश चालत जा. मागच्या भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर खर्ज छातीवर येतो. भिंतीपासून चार फूट पुढे आलात की तो विरतो आणि वरचे स्वरच तेवढे तरंगत राहतात. खोलीच्या मध्यावर तो पुन्हा फुगतो. अ‍ॅम्प्लिफायर तोच, तार तीच, मुद्रण तेच. परदेशातल्या लाकडी सांगाड्याच्या आणि जिप्समच्या भिंती थोड्या हलतात आणि खर्ज थोडा पिऊन टाकतात. आपल्या विटांच्या आणि काँक्रीटच्या भिंती तो जसाच्या तसा परत देतात, त्यामुळे हा त्रास आपल्याकडे अधिक आहे. ६९ हर्ट्झच्या लहरीचा चौथा भाग सव्वा मीटर होतो. अर्ध्या इंचाचा फोम तिला जाणवतसुद्धा नाही. भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवून खर्ज सुधारत नाही, हे त्यातलंच सत्य.

वरच्या स्वरांची गोष्ट निराळी. १९४९ साली ग्यॉटिंगेनमध्ये हेल्मुट हास यांनी दाखवलं, की थेट आवाजामागून काही मिलिसेकंदांत आलेला परावर्तित आवाज कान वेगळा धरत नाही. दिशा तो पहिल्या आवाजावरूनच ठरवतो. दीड मीटरचा जादा फेरा घेऊन आलेला आवाज सुमारे साडेचार मिलिसेकंद उशिरा पोचतो. तो वेगळा ऐकू येत नाही, पण मूळ आवाजाचा पोत बदलतो. बाजूच्या भिंतीवरून येणारा हा आवाज पूर्ण मारावा की थोडा राखावा यावर जाणकारांत मतभेद आहेत. माझं मत विखुरण्याच्या बाजूने आहे, कारण सगळीकडे फोम लावलेल्या खोलीत माणसाला कोंडल्यासारखं होतं.

विखुरण्याची रीत मॅनफ्रेड श्रोडर यांनी दिली, आणि ती निघाली थेट संख्यासिद्धांतातून. सात ही मूळ संख्या घ्या. शून्य ते सहा या अंकांचे वर्ग करा आणि प्रत्येकाला सातने भागून बाकी लिहा: ०, १, ४, २, २, ४, १. भिंतीवर याच प्रमाणात खोल खाचा केल्या तर आदळलेला आवाज अनेक दिशांना जवळपास सारखा वाटला जातो. १९८०च्या दशकात पीटर डी’अँतोनियो यांच्या आरपीजी कंपनीने असे फलक विकायला काढले. ते न परवडणाऱ्यांनी लहानमोठ्या, मागेपुढे सरकवलेल्या पुस्तकांचं कपाट मागच्या भिंतीला लावावं. गणित तितकं काटेकोर बसत नाही, पण कान खूश होतात.

ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हरमन कंपनीत फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून माणसांना ऐकवलं. हरमनमध्ये तर स्पीकर बदलताना प्रत्येक जण अगदी त्याच जागी यावा म्हणून सरकणारं यंत्रच बांधलं. जागा बदलली की निकाल बदलतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली स्पीकरपेक्षा खोलीच जास्त बोलते, हा त्यांच्या कामाचा निष्कर्ष आज सगळे मानतात. तरीही दुकानात आपण दोन-दोन लाखांच्या पेट्यांची तुलना करतो आणि घरी आणून त्या जिथे प्लग आहे तिथे ठेवतो.

म्हणून माझी विनंती आहे. नवा अ‍ॅम्प्लिफायर किंवा जाडजूड केबल घेण्याआधी एक रविवार खोलीला द्या. सोफा भिंतीपासून सुटा करा आणि ओळखीचं तानपुऱ्याचं मुद्रण लावून दर वेळी वीतभर मागेपुढे सरकवत ऐका. स्पीकर मागच्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे आणा. तुम्ही खुर्चीत बसा, घरातल्या कुणाला तरी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा, आणि आरशात जिथे स्पीकर दिसेल तिथे जाड गोधडी नाहीतर पुस्तकांचं फडताळ येऊ द्या. स्पीकर आणि तुमच्यामधल्या टाइल्सवर जाड सतरंजी घाला. मोजायचं असेल तर ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, फक्त एक साधा मापनाचा मायक्रोफोन लागतो. एवढं करून झाल्यावरही आवाज मनासारखा लागला नाही, तर मग खुशाल दुकानात जा.