आरमार घडवणारे हात

मंडळी, आपली सावित्री महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि पोलादपूर, महाड करीत बाणकोटाला समुद्रास मिळते. भरतीच्या पाण्याबरोबर पूर्वी गलबते महाडपर्यंत येत. १६५६ साली जावळी शिवाजी महाराजांनी घेतली. पाठोपाठ रायरी, म्हणजेच आपला रायगड, हाती आला. डोंगरातल्या राज्याला समुद्राची वाट दिसली. पण वाटेवर जंजिऱ्याचा सिद्दी बसलेला, आणि दर्यावर हुकूम पोर्तुगीजांचा. नुसते घोडेस्वार तिथे काय करणार?

म्हणून १६५७ च्या अखेरीस कल्याण-भिवंडी घेताच तिथल्या खाडीकाठी जहाजबांधणी सुरू झाली. सिद्दीशी लढण्यासाठी २० लढाऊ गलबते बांधायची होती. कामावर रुय लैताँव व्हिएगश नावाचा पोर्तुगीज उस्ताद आणि तीनशेवर माणसे होती. पण वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याला धास्ती वाटली. ही गलबते उद्या आपल्यावरच उलटली तर? त्याने कान भरले, आणि १६५९ साली व्हिएगश माणसांसह काम टाकून निघून गेला.

आता काम बंद पडले असेल, असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही. इथल्या सुतार-लोहारांनी ते पुढे नेले. १६६५ च्या फेब्रुवारीत महाराज बसरूरच्या मोहिमेवर समुद्रमार्गे निघाले, तेव्हा बरोबर ८५ लहान आणि ३ मोठी गलबते होती. सहा वर्षांत केवढी मजल!

एवढे लाकूड आणायचे कुठून? रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचे. त्यात याचा नियमच सांगितला आहे. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या उपयोगी, पण त्याला हात लावू नये. रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावे. लढाईची घाई होती, पण म्हणून कुळाच्या परसात कुऱ्हाड शिरायची नाही, बरे का!

सरदारांची नावे आपल्याला पाठ असतात. फळी तासणाऱ्याचे, खिळा घडवणाऱ्याचे, फटी बुजवणाऱ्याचे नाव मात्र कुठे लिहिलेले नाही. गुरुजी, मुलांना एकदा सावित्रीच्या काठी न्या आणि आरमाराचा धडा तिथे शिकवा. तिथे त्या हातांचीही आठवण काढा.