एण्ड टास्क: अडलेला प्रोग्रॅम बंद करण्याचा इतिहास

अडून बसलेला एखादा प्रोग्रॅम, बाकीचा संगणक चालू ठेवून, जबरदस्तीने बंद करण्याचे विंडोजमधील साधन म्हणजे टास्क मॅनेजर. या सोयीचे मूळ मात्र विंडोजच्या आधीचे, १९७०च्या दशकातील युनिक्समध्ये आहे. तेव्हा एका मोठ्या संगणकावर अनेक जण एकाच वेळी काम करत. एकाचा प्रोग्रॅम अडकला म्हणून सगळ्यांचे काम थांबवणे परवडणारे नव्हते. म्हणून चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमला क्रमांक असे आणि 'किल' ही आज्ञा देऊन त्या क्रमांकाला संदेश पाठवता येई. १५ क्रमांकाचा संदेश आवराआवर करून थांबण्याची विनंती करतो. ९ क्रमांकाचा संदेश प्रोग्रॅमला नाकारताच येत नाही.

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीवर अशी निवड नव्हती. एक माणूस, एक यंत्र, एक प्रोग्रॅम असा तो मामला होता. यंत्र अडले तर ते नव्याने सुरू करण्यासाठी अभियंता डेव्हिड ब्रॅडली यांनी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळांची जोडणी केली. चुकून एका हाताने दाबल्या जाऊ नयेत इतक्या त्या दूर होत्या. त्या दाबल्या की पूर्ण संगणक नव्याने सुरू होई आणि न साठवलेले काम जाई.

विंडोज ३.१ मध्ये (१९९२) अनेक प्रोग्रॅम एकत्र चालत, पण प्रत्येकाने आपण होऊन दुसऱ्याला वाव द्यावा लागे. एकाने तो दिला नाही, की सगळेच अडत. विंडोज ९५ने नव्या, ३२ बिटच्या प्रोग्रॅमांसाठी वेळ वाटण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. आता त्याच तीन कळांनी एक छोटी चौकट उघडे. तिच्यात चालू प्रोग्रॅमांची यादी असे, अडलेल्याच्या नावापुढे 'नॉट रिस्पॉन्डिंग' असे लिहिलेले दिसे आणि खाली 'एण्ड टास्क'चे बटण असे. १९९६च्या विंडोज एनटी ४.० मध्ये डेव्ह प्लमर यांनी लिहिलेला टास्क मॅनेजर आला. प्रोसेसर आणि मेमरी किती वापरली जाते आहे, हेही त्यात दिसू लागले. २००१च्या विंडोज एक्सपीने तो घरोघरच्या संगणकांवर नेला.

मराठवाड्याच्या तालुक्यांत संगणक रुळला तो याच सुमारास.   २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना झाली आणि तिचा एमएस-सीआयटी हा संगणक अभ्यासक्रम राज्यभर तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. अनेकांनी माउस पहिल्यांदा हातात धरला तो अशाच वर्गात. कमी मेमरीच्या संगणकावर तीन-चार खिडक्या उघड्या राहिल्या की पडदा गोठे. अशा वेळी मागचे बटण दाबून संगणक बंद न करता 'एण्ड टास्क' करणे, हे शिकणाऱ्याच्या दृष्टीने मोठे स्वातंत्र्य होते. बिघाड यंत्राचा नसून एका प्रोग्रॅमचा आहे, हे त्यातून कळे.

पेन ड्राइव्हबरोबर व्हायरसही फिरू लागले. त्यांतले काही स्वतःला वाचवण्यासाठी टास्क मॅनेजरच बंद पाडत; तो उघडू गेल्यास 'प्रशासकाने बंद केला आहे' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येई. तेव्हा 'टास्ककिल' ही आज्ञा किंवा मार्क रुसिनोविच यांनी लिहिलेला प्रोसेस एक्सप्लोरर हा प्रोग्रॅम उपयोगी पडे. मॅकवर हेच काम 'फोर्स क्विट' करते.

आज अँड्रॉइड मोबाइलवर हीच सोय 'फोर्स स्टॉप' नावाने आहे, आणि मेमरी कमी पडली की अँड्रॉइड न सांगताही मागे चालणारी अ‍ॅप बंद करतो. मात्र युनिक्सच्या काळापासूनचा नियम बदललेला नाही: जबरदस्तीने थांबवलेल्या प्रोग्रॅमला आवरायला वेळ मिळत नाही. त्यामुळे अर्धवट भरलेला अर्ज किंवा न साठवलेला मजकूर त्याच्याबरोबर जातो. म्हणून आधी थोडे थांबावे, साधेपणाने बंद करून पाहावे आणि मगच 'एण्ड टास्क' करावे.