दिनविशेष : २९ डिसेंबर – एका दिव्यापायी १०१ बळी (१९७२)

न्यूयॉर्कहून निघालेले ईस्टर्न एअरलाइन्सचे ४०१ क्रमांकाचे ट्रायस्टार विमान रात्री मायामीत उतरण्याच्या बेतात होते. पुढचे चाक खाली आल्याचा हिरवा दिवा लागेना. वैमानिकांनी विमान २,००० फुटांवर नेऊन ऑटोपायलट लावला आणि सारे त्या दिव्यामागे लागले. फ्लाइट इंजिनिअर चाक पाहायला खालच्या कप्प्यात उतरला. तेवढ्यात ऑटोपायलटची उंची राखणारी यंत्रणा सुटली. कंट्रोलला नकळत धक्का लागला असावा. उंची घटल्याचा इशारा वाजला, पण कुणाचेच लक्ष गेले नाही. रडारवर ९०० फूट दिसूनही नियंत्रकाने 'कसं काय चाललंय' एवढीच विचारपूस केली, उंचीचा विषय काढलाच नाही. अखेर विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले. १७६ पैकी १०१ जण दगावले. चाक खालीच होते. दिव्याचे बल्ब तेवढे गेले होते.

अशा अपघातांनंतर १९७९ मध्ये नासाने कार्यशाळा घेतली. त्यातून आकाराला आलेल्या प्रशिक्षणात कामांची वाटणी आणि कनिष्ठाने वरिष्ठाला वेळीच टोकणे यांवर भर आला. १९८१ पासून अमेरिकी प्रवासी विमानांत १०,००० फुटांखाली वैमानिकांना अवांतर गप्पा व कामांना मनाई आहे.