मुंबई इलाख्याचे दुसरे टोक : एडन

शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात वासुदेव बळवंत फडके यांच्यावरचा मजकूर एका वाक्याने संपत असे. जन्मठेपेची शिक्षा झाली, एडनच्या तुरुंगात रवानगी झाली आणि तिथेच १८८३ साली त्यांचे निधन झाले. मी ते वाक्य किती वर्षे वर्गात वाचून दाखवले याची गणती नाही. एकदा आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, एडन कुठं आलं?" वर्गातल्या भारताच्या नकाशात ते नव्हते. जगाचा नकाशा आणवून अरबस्तानच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवले. ती नकाशाकडे बघत म्हणाली, "एवढ्या लांब कशाला नेलं?" त्या दिवशी मला धड उत्तर देता आले नाही. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा त्या प्रश्नाचा माग काढला. आपल्या हुबळी-धारवाडच्या वाचकांपुढे तो मांडावासा वाटतो, कारण या गोष्टीतला एक महत्त्वाचा दिवस आपल्या शेजारच्याच मुलखात उगवला होता.

आधी एडनची ओळख करून घेऊ. तांबडा समुद्र जिथे अरबी समुद्राला मिळतो, त्या तोंडापासून थोडे पूर्वेला एक काळा, उघडाबोडका डोंगर समुद्रात घुसलेला आहे. हा विझलेला ज्वालामुखी. त्याच्या पोटातल्या वाटीसारख्या खोलगट जागेत जुने गाव वसले आहे. इंग्रज त्या भागाला 'क्रेटर' म्हणत, आणि ते नाव आजही टिकून आहे. डोंगर आणि मुख्य भूमी यांना जोडणारी वाळूची एक अरुंद पट्टी आहे. तिच्या पलीकडे वाळवंट. वर्षाकाठी पाऊस जेमतेम ५० मिलिमीटर. आपल्या धारवाडला मृगाचे दोन-चार चांगले दिवस जेवढे पाणी देतात तेवढे तिथे वर्षभरात पडले तर पडते. म्हणून पूर्वीच्या लोकांनी डोंगराच्या घळीत एकाखाली एक अशी दगडी टाकी बांधली होती. पाऊस आला की वरचे टाके भरायचे, ते ओसंडले की खालचे. मातीने बुजून गेलेली ही टाकी इंग्रजांनी १८५० च्या दशकात उकरून दुरुस्त केली. तरीही पाणी पुरत नसे. समुद्राचे पाणी उकळून त्याच्या वाफेचे गोडे पाणी करावे लागे.

अशा ठिकाणी इंग्रजांना काय हवे होते? त्यांना हवी होती कोळशाची वखार. आगबोटी निघाल्या तेव्हा मुंबईहून सुएझपर्यंतचा कोळसा एका दमात बोटीवर मावत नसे. वाटेत थांबायला जागा पाहिजे होती. १९ जानेवारी १८३९ रोजी कॅप्टन हेन्स याच्या मोहिमेने एडन घेतले. फौज मुंबईहून गेली होती, आणि तिच्यात मुंबईच्या देशी पायदळाची २४ वी पलटणही होती. व्हिक्टोरिया राणी गादीवर आल्यानंतर इंग्रजी राज्याला जोडला गेलेला हा पहिला मुलूख. १८६९ साली सुएझचा कालवा उघडला आणि विलायतेला जाणारी जवळजवळ प्रत्येक बोट एडनला थांबू लागली. मुंबई सोडल्यावर सुमारे १,६५० सागरी मैलांनी, आठवडाभराने, प्रवाशांना पहिली जमीन दिसे ती हीच. बोट कोळसा भरून घेई तोवर प्रवासी किनाऱ्यावर उतरत, ती टाकी बघून येत. होड्यांतून आलेली पोरे बोटीभोवती कल्ला करीत आणि वरून टाकलेली नाणी समुद्रात बुडी मारून काढीत.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर. एडन कारभाराच्या दृष्टीने परदेश नव्हतेच. १८३९ पासून १९३२ पर्यंत ते मुंबई इलाख्यात होते. तिथला रेसिडेंट मुंबईच्या गव्हर्नराला जबाबदार असे. १८१८ नंतर आपला धारवाड जिल्हाही मुंबई इलाख्यातच होता, तो थेट १९५६ पर्यंत. म्हणजे धारवाडचा कलेक्टर आणि एडनचा रेसिडेंट एकाच कचेरीकडे कागद पाठवीत होते. एडनमध्ये पत्रावर हिंदुस्थानचे तिकीट लागे आणि बाजारात रुपया चाले. तिकीट १९३७ साली बदलले. रुपया तर आपल्याला स्वातंत्र्य मिळाल्यावरही, १९५१ पर्यंत चालू होता. आपण इलाख्याच्या दक्षिण टोकाला, एडन समुद्रापलीकडच्या टोकाला. दोन्हीकडे हुकूम मुंबईचा.

हेन्सचे पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. पंधरा वर्षे एडन चालवल्यावर तिजोरीच्या हिशेबात तूट निघाली म्हणून १८५४ साली त्याला मुंबईला बोलावले. अफरातफरीच्या आरोपातून तो सुटला, पण तुटीच्या रकमेपायी त्याला मुंबईच्या तुरुंगात सहा वर्षे ठेवले. १८६० साली सुटका झाली आणि थोड्याच दिवसांत तो मुंबईच्या बंदरातच वारला. एडन मिळवून देणारा मुंबईच्या तुरुंगात खितपत पडला. वीस वर्षांनी मुंबईच्या सरकारला आव्हान देणारा एक कैदी एडनच्या तुरुंगात गेला.

वासुदेव बळवंतांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोणचा. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात ते नोकरीला होते. आई आजारी असताना रजा वेळेवर मिळाली नाही आणि तिची शेवटची भेट झाली नाही, हा सल त्यांना कायमचा राहिला. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर त्यांनी पुण्यात शाळेची संस्था उभी केली. तीच पुढे महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी झाली. दत्तावर त्यांची निष्ठा होती. दुसऱ्या पत्नी गोपिकाबाई यांना त्यांनी लिहावाचायला शिकवले. हा माणूस नोकरी करून, देवाधर्मात राहून सुखाने म्हातारा झाला असता.

तसे झाले नाही, ते १८७६ ते ७८ च्या दुष्काळामुळे. त्या दुष्काळाबद्दल आपल्याकडे वेगळे सांगायला नको. सोलापूर, कलादगी, धारवाड हे जिल्हे त्यात होरपळले. कलादगी जिल्हा म्हणजे पुढे ज्याचे ठाणे विजापूरला गेले तो. १८७२ ची शिरगणती आणि १८८१ ची शिरगणती यांच्यामध्ये त्या जिल्ह्यातली माणसे पाचव्या हिश्शाहून अधिक घटली. सर रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी उतरवून दिवसाला एक रतल, म्हणजे अर्ध्या किलोहून कमी धान्यावर आणली होती. कामावरच्या हजारो लोकांनी त्याविरुद्ध काम सोडले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. हाच टेंपल १८७७ साली मुंबईचा गव्हर्नर झाला. वासुदेव बळवंत दुष्काळी मुलखातून हिंडले आणि अर्जविनंत्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला.

१८७९ च्या फेब्रुवारीत रामोशी साथीदारांना घेऊन त्यांनी शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला छापा घातला. सावकार-श्रीमंतांचा पैसा घ्यायचा, त्यातून फौज उभी करायची, तारा आणि टपाल तोडायचे आणि राज्य उलथायचे, असा तो बेत. तो फसला. पैसा थोडा मिळाला, आणि तो वाटून घेण्यापलीकडे पुष्कळांची नजर जाईना. वासुदेव बळवंतांनी आपल्या रोजनिशीत आणि आत्मवृत्तात हे अपयश स्वतःच लिहून ठेवले आहे. निराशेने ते श्रीशैलावर मल्लिकार्जुनाच्या पायाशी देह ठेवायला गेले होते. तिथून परत फिरून त्यांनी पुन्हा जुळवाजुळव केली. मे महिन्यात कोकणात पळस्पे आणि चिखली इथे दरोडे पडले. परतीच्या वाटेवर दौलतराव नाईक इंग्रजांच्या गोळीला बळी पडले आणि बंडाचा कणा मोडला. वासुदेव बळवंत गाणगापूरला आले आणि निजामाच्या मुलखातले रोहिले जमवू लागले.

या ठिकाणी गोष्ट आपल्या अंगणात येते. मेजर डॅनियल आणि निजामाचा पोलीस अधिकारी अब्दुल हक मागावर होते. वासुदेव बळवंत पंढरपूरच्या वाटेला लागले होते. २० जुलै १८७९ रोजी कलादगी जिल्ह्यातल्या देवर नावदगी या गावी एका देवळात ते पकडले गेले. आज हे गाव विजापूर जिल्ह्यात, सिंदगीच्या बाजूला, भीमेकडच्या मुलखात येते. आपल्यापैकी कितीतरी जण दर वर्षी गाणगापूरला जातात. विजापूर-सिंदगीवरून जाताना या गावाच्या फाट्याजवळून गाडी जाते, पण तिथे काय घडले हे गाडीतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

पुण्यात खटला उभा राहिला. वकीलपत्र घेणे जोखमीचे होते. ते घेतले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका यांनी, आणि त्यांच्या जोडीला महादेव चिमणाजी आपटे होते. सरकारच्या हाती सगळ्यात भक्कम पुरावा होता तो वासुदेव बळवंतांच्या स्वतःच्या लिखाणाचा. नोव्हेंबर १८७९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. जानेवारी १८८० मध्ये त्यांना 'तेहरान' बोटीवर चढवून एडनला नेले.

एवढ्या लांब कशाला नेले, याचे उरलेले अर्धे उत्तर माझ्या समजुतीप्रमाणे असे. हा कैदी दख्खनच्या कुठल्याही तुरुंगात ठेवला असता तर त्याचे नाव लोकांच्या तोंडी राहिले असते. एडन मुंबईच्या हुकमातले होते, तिथे पलटण होती, आणि तिथून पळून जायला मुलूखच नव्हता. तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला वाळूची ती अरुंद पट्टी आणि तिच्यावर पहारा. तुरुंगाच्या भिंतीबाहेर निसर्गानेच दुसरी भिंत घातलेली होती.

तरीही ते पळाले. ऑक्टोबर १८८० मध्ये एका रात्री त्यांनी कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उखडून काढले आणि बाहेर पडले. सह्याद्रीच्या घळी पायाखाली घातलेला माणूस तो. पण सह्याद्रीत झाडी आहे, ओढे आहेत, ओळखीची वस्ती आहे, भाकर देणारे हात आहेत. एडनबाहेर लपायला झुडूप नाही, प्यायला पाणी नाही. फार वेळ न जाता ते पकडले गेले आणि पहारा अधिक कडक झाला. पुढची दोन वर्षे शरीर खंगत गेले. शेवटी त्यांनी अन्न सोडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी ते गेले. वय अवघे सदतीस.

त्या तीन वर्षांत इकडे काय काय झाले पाहा. जानेवारी १८८१ मध्ये पुण्यात 'केसरी' निघाला. त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी काँग्रेस स्थापन झाली. दहा वर्षांनी, १८९३ साली, लोकमान्यांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले. वासुदेव बळवंतांजवळ मूठभर माणसे होती, आणि ती एकत्र कशी बांधावीत हे त्यांना साधले नाही. पुढच्या पिढीने नेमके तेच काम हाती घेतले. आपण ज्या मांडवात दहा दिवस जमतो, तो मांडव त्याच कामाचा भाग आहे.

भारत सरकारने १९८४ साली त्यांचे टपाल तिकीट काढले. पुण्यात संगमापाशी स्मारक आहे, शिरढोणला आहे. एडनला जाणे मात्र आज सोपे नाही. इंग्रज १९६७ साली तिथून गेले. २०१५ साली येमेनमध्ये युद्ध भडकले तेव्हा आपल्या नौदलाने एडनमधून आपली माणसे सोडवून आणली. त्या कामी गेलेल्या युद्धनौकांपैकी एकीचे नाव 'मुंबई' होते. ज्या मुंबईने एकेकाळी तिथे कैदी पाठवला, तिच्याच नावाची नौका तिथून माणसे घरी घेऊन आली. ही बातमी वाचताना मला वर्गातला तो नकाशा आठवला.

एडनचा किनारा आपल्यापैकी बहुतेकांना दिसणार नाही. देवर नावदगी मात्र इथून पहाटे गाडी काढली तर दुपारच्या जेवणापर्यंत गाठता येते. आपले मंडळ दर वर्षी सहल काढते. यंदा गाणगापूरला जायचे ठरले तर वाटेत या गावी अर्धा तास थांबावे, आणि बरोबरच्या मुलांना एडन कुठे आहे ते सांगावे, एवढीच या सभासदाची कार्यकारिणीला विनंती आहे. नकाशा मी घेऊन येतो.