बाद झालेला पेम्फिगस

तान्ह्या बाळांच्या अंगावर उठणाऱ्या संसर्गजन्य फोडांना जुने युरोपीय डॉक्टर ‘पेम्फिगस निओनेटोरम’ म्हणत. त्यामागे स्टॅफिलोकोकस हा जिवाणू निघाला आणि पुढे नाव बाद झालं. माझ्या मते त्या डॉक्टरांची नजर चुकली नव्हती.

पेम्फिगस या फोडांच्या आजाराची रूढ वंशावळ थोडक्यात अशी: 1844 मध्ये काझनाव्हने ‘फोलिएशियस’ हा पापुद्रे सुटणारा प्रकार वेगळा केला, 1953 मध्ये लेव्हरने बाह्यत्वचेखाली फोड येणारा पेम्फिगॉइड बाजूला काढला, 1964 मध्ये ब्यूटनर आणि जॉर्डन यांना रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच त्वचेवर उलटलेली प्रतिपिंडं सापडली. तेव्हापासून ही प्रतिपिंडं हीच पेम्फिगसची ओळख झाली.

आता निकोल्स्कीची 1896 मधली खूण पाहा. फोडाशेजारच्या धडधाकट दिसणाऱ्या त्वचेवर बोट दाबून सरकवायचं. वरचा पातळ थर सुटून येतो, खाली ओली लाल त्वचा दिसते. फोलिएशियसमध्ये हे घडतं, आणि स्टॅफिलोकोकसच्या विषाने अंगभर सोलवटलेल्या बाळातही.

याचं कारण 2000 मध्ये अमागाई, स्टॅनली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. बाह्यत्वचेच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारं डेस्मोग्लीन-1 हे प्रथिन जिवाणूचं विष थेट कापतं. फोलिएशियसची प्रतिपिंडं नेमकी त्याच प्रथिनावर चालून जातात. म्हणून दोन्हींत फोड वरच्या थरात येतो आणि तोंडाचं अस्तर वाचतं. तिथे डेस्मोग्लीन-3 पेशींना सांभाळून घेतं. नवजात उंदराला विष टोचा किंवा रुग्णाची प्रतिपिंडं, फोड तसेच येतात.

प्रतिपक्ष म्हणेल, पूर्वी कुठल्याही फोडाला पेम्फिगसच म्हणत, त्यात नजर कसली? अठराव्या शतकापुरतं हे मान्य. पण जिवाणू कळल्यावरही हे नाव कित्येक दशकं टिकलं, ते बोटाला लागणाऱ्या त्या सैल, पातळ पापुद्र्यामुळेच असणार. उपचारांचा आक्षेप जास्त वजनदार आहे: बाळाला प्रतिजैविकं लागतात, फोलिएशियसला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं, आणि नावाच्या गोंधळात बाळाचा जीव जाऊ शकतो. औषधाच्या चिठ्ठीवर जुनं नाव नकोच. पण कारणावरूनच नाव द्यायचं, तर ड्यूरिंगने 1884 मध्ये एका फोडांच्या आजाराला दिलेलं ‘डर्मेटायटिस हर्पेटिफॉर्मिस’ हे नाव आजही कसं चालतं? त्या आजारात हर्पिसचा विषाणू मुळीच नसतो. फोडांच्या वर्गीकरणात कारणाइतकाच मान तुटलेल्या प्रथिनाला द्यावा, आणि त्या रकान्यात ही बाळं फोलिएशियसच्या शेजारी बसवावीत.