जर-तरचा इतिहास: वाचायचा कसा, लिहायचा कसा



आज आपल्याला घडलेल्या इतिहासावर नाही, न घडलेल्या इतिहासावर बोलायचं आहे. इतिहासाची मंडळी या विषयाकडे नाक मुरडून पाहतात. ई. एच. कार या इंग्रज इतिहासकाराने १९६१ साली केंब्रिजला व्याख्यानं दिली, त्यात जर-तरच्या प्रश्नांना त्याने दिवाणखान्यातल्या खेळाची जागा दिली. घडलं ते घडलं, त्याची कारणं शोधा, असं त्याचं म्हणणं. पण आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे. आमचा प्रश्न असा की, ‘जर’ न म्हणता कारण शोधता येतं का? ‘पाऊस नाही म्हणून पीक गेलं’ असं आपण म्हणतो, तेव्हा ‘पाऊस आला असता तर पीक वाचलं असतं’ हे त्यात आलंच की नाही?

आपल्या न्यायशास्त्रात याला ‘तर्क’ म्हणतात. डोंगरावर धूर दिसतो. एक म्हणतो तिथं विस्तव आहे, दुसरा म्हणतो नसेलही. मग पहिला सांगतो, बाबा रे, विस्तव नसता तर धूरही नसता. हा झाला तर्क. मात्र नैय्यायिकांनी एक मर्यादा घालून ठेवली आहे. तर्क हे स्वतः प्रमाण नाही, ते प्रमाणाचा मदतनीस आहे. जर-तरने काही सिद्ध होत नाही, पण जे सिद्ध करायचं त्याची तपासणी होते. आज ही मर्यादा आपण ध्यानात ठेवू.

मराठीत या प्रकारची सर्वांत परिचित कथा म्हणजे जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. आपल्यातल्या तरुणांनी ती ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने अकरावीच्या इंग्रजी पुस्तकात वाचली असेल. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातानंतर अशा हिंदुस्थानात पोचतात, जिथं मराठे पानिपत जिंकले आहेत. बदल केवढा? विश्वासरावांना लागलेली गोळी तिथं थोडक्यात हुकली. बस, एवढाच. बाकी सगळं होतं तसंच.

चांगल्या जर-तर कथेचा पहिला नियम इथं दिसतो. बदल एकच करायचा, तोही लहानात लहान, आणि त्या काळात शक्य असलेला. भाऊसाहेबांच्या हातात मशीनगन दिली, तर ती परीकथा होते. तिची मजा वेगळी, पण तिच्यातून पानिपताबद्दल काही कळत नाही.

आता त्या गोळीकडे जरा बारकाईने पाहू. १४ जानेवारी १७६१. विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले, रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला, असं आपण ऐकत आलो. ही झाली ठिणगी. पण ठिणगी दारूच्या कोठारात पडली तरच स्फोट होतो. कोठार कशाचं होतं? दोन महिन्यांहून अधिक काळ फौज पानिपतला अडकलेली. दिल्लीकडून येणारी रसद तुटलेली. रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेलेले. बरोबर बायकामुलं आणि यात्रेकरू. सूरजमल जाट साथ सोडून गेलेला. आणि आपल्यापुरतं सांगायचं तर, नागपूरकर भोसले त्या रणांगणावर नव्हतेच. गोळी हुकली असती तर उपाशी माणसांच्या पोटात अन्न पडलं असतं का?

नारळीकर शास्त्रज्ञ होते, त्यांना हे ठाऊक होतं. म्हणून त्यांच्या कथेत नुसत्या विजयाने काम भागत नाही. पुण्याचे राज्यकर्ते पुढं एकोणिसाव्या शतकात युरोपातलं नवं तंत्रज्ञान ओळखतात, स्वतःची विज्ञानकेंद्रं काढतात. गोळी नशिबाची, पण विज्ञान शिकण्याचा निर्णय माणसांचा. पुष्कळ वाचक गोळी लक्षात ठेवतात आणि विज्ञानकेंद्रं विसरतात. आणखी एक गंमत आहे. पंतांना सभेचं अध्यक्ष व्हायची भारी हौस, पण त्या जिंकलेल्या हिंदुस्थानात लोकांना अध्यक्ष आणि भाषणं नकोशी झालेली. पंत आझाद मैदानावर रिकामी खुर्ची पाहून चढतात आणि लोक त्यांची गत करून टाकतात. आजच्या अध्यक्षांनी मनावर घेऊ नये. पण मुद्दा गंभीर आहे. आपण जे जग मागतो, त्या जगात आपल्यालाच जागा असेल, हे कशावरून?

दुसरा नियम हा की प्रत्येक ‘जर’ खऱ्या इतिहासाच्या दगडावर घासून पाहायचा. ‘पानिपत जिंकलो असतो तर इंग्रज आलेच नसते’ असं आपण सहज म्हणतो. पण प्लासी झाली १७५७ साली, पानिपताच्या चार वर्षं आधी. बंगालमध्ये कंपनीचा पाय तेव्हाच रोवला गेला होता. दुसरं म्हणजे, पानिपत हरूनही १७७१ साली मराठे पुन्हा दिल्लीत होते. मग पानिपत हा शेवट कसा? पुढच्याच वर्षी माधवराव थेऊरला क्षयाने गेले, वय सत्तावीस. ग्रँट डफने तर माधवरावांचा मृत्यू पानिपताहून कमी घातक मानला नाही. म्हणजे ‘जर’ कुठं ठेवायचा, १७६१ ला की १७७२ ला, यावरूनच आपण मराठ्यांच्या पडझडीचं कारण कोणतं मानतो ते उघड होतं. जर-तरचा खरा उपयोग हा आहे.

एक सावधगिरी मात्र हवी. महाराष्ट्राने एकदा जर-तरवर प्रत्यक्ष विश्वास ठेवून पाहिला आहे. पानिपतावर भाऊसाहेब पडलेच नाहीत, ते परत आले आहेत, असं सांगणारा तोतया उभा राहिला. लोक त्याच्यामागे गेले, आणि १७७६ साली त्याचं बंड मोडावं लागलं. ज्यांच्या घरची माणसं परत आली नाहीत, त्यांना ‘आले असते तर’ हवंच असतं. दुःख खरं होतं, माणूस खोटा होता. कथा आणि तोतया यांत फरक एवढाच, की कथा ‘जर’ हा शब्द लपवत नाही.

आता पानिपतावरून आपल्या जिल्ह्यात येऊ. १९५५ साली फाजल अली आयोगाने आठ जिल्ह्यांचं वेगळं विदर्भ राज्य सुचवलं होतं. आपलं यवतमाळ त्यात होतं. वणीचे लोकनायक बापूजी अणे त्याच मागणीचे पुरस्कर्ते, १९६२ साली नागपुरातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेलेले. पण झालं वेगळं. १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि १९६० ला महाराष्ट्रात. ‘वेगळं राज्य झालं असतं तर’ हा प्रश्न इथं चहाच्या टपरीवरही निघतो. आम्ही आज कोणाची बाजू घेणार नाही. फक्त म्हणू, पूर्ण लिहा. विदर्भ वेगळा झाला असता, तर पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ अशी सलग अकरा वर्षं महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले नसते. कदाचित विदर्भाचे झाले असते. मग १९७२ च्या दुष्काळात मुंबईत कोण बसलं असतं? रोजगार हमीची कामं कशी निघाली असती, तिथं आणि इथं? नागपूरची राजधानी टिकली असती, पण मुंबईच्या तिजोरीवरचा हक्क गेला असता. ज्याला वेगळं राज्य हवं त्याने काय गमावलं असतं ते लिहावं, ज्याला नको त्याने काय मिळालं असतं ते. आपल्याला न आवडणारी बाजू ज्या जर-तरात नाही, तो इतिहास नाही, ते प्रचारपत्रक आहे.

शेवटचा मुद्दा सर्वांत अवघड. तत्त्वज्ञानात एक जुनं कोडं आहे, ते आपल्या शेताच्या भाषेत सांगतो. कडब्याच्या एकाच गंजीला दोघांनी दोन बाजूंनी काडी लावली. गंजी जळाली. पहिला म्हणतो, मी काडी लावली नसती तरी ती जळालीच असती. दुसराही तेच म्हणतो. दोघांचंही म्हणणं खरं. मग गंजी कोणीच जाळली नाही म्हणायचं का?

आपल्या जिल्ह्यात हे कोडं कोडं राहिलेलं नाही. कास्तकाराने आत्महत्या केली, की जिल्हा समितीसमोर प्रकरण जातं. नापिकी होती का, कर्ज होतं का, परतफेडीचा तगादा होता का, हे पाहून प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरतं. पात्र ठरलं तर घरच्यांना एक लाख रुपये. हा सगळा जर-तरच आहे. कर्ज नसतं, तर हा माणूस जगला असता का? आता ज्या घरात नापिकी, कर्ज, कापसाचा भाव, दवाखाना, मुलीचं लग्न सगळं एकदम आलं, तिथं यातलं कोणतंही एक काढून पाहिलं तरी बाकीची काडी उरतेच. सावकार म्हणेल, माझ्यामुळे नाही. बाजार म्हणेल, माझ्यामुळे नाही. पाऊस तर बोलतच नाही. आणि घरातली बाई रात्रभर एकच जर-तर घोळवत बसते, ‘त्या दिवशी मी त्यांना एकटं सोडलं नसतं तर.’ सगळे सुटले, आणि कोठाराचा दोष तिने एकटीने ठिणगी म्हणून अंगावर घेतला.

म्हणून जर-तर नीट करायला शिकलं पाहिजे. ते करमणुकीपुरतं राहिलेलं नाही. एकेक कारण वेगळं काढून ‘हे नसतं तर’ विचारणं पुरेसं नाही, सगळी मिळून काय झालं हे विचारावं लागतं. त्या बाईला कोणीतरी सांगायला हवं, की गोळी हुकली असती तरी रसद तुटलेलीच होती. तिच्यावर दोष येत नाही, आणि रसद तोडणाऱ्यांचा दोष पुसलाही जात नाही. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

ज्यांना लिहायची हौस आहे त्यांनी घरी गेल्यावर एक कागद घ्यावा. वर एक ‘जर’ लिहावा, एकच. खाली दोन रकाने आखावेत, काय मिळालं असतं आणि काय गेलं असतं. दुसरा रकाना भरेपर्यंत कथा सुरू करू नये. आणि त्या बदललेल्या जगात पऱ्हाटी वेचायला कोण जातं, तिला किलोमागे किती मिळतात, हे एका वाक्यात तरी यावं. दिल्लीच्या तख्तावर कोण बसलं ते मग लिहा.

एवढं बोलून आम्ही थांबतो. प्रश्न विचारा. ‘जर’ने सुरू झाले तरी चालतील.